मौनाच्या घरात मध्यस्थी

लग्नं जमवणं हा काही माझा धंदा नाही. धंदा धानाचा, आणि तोही आता मुलगा पाहतो. मी बांधावर उभा राहून त्याच्या चुका काढतो. पण आमच्या मुर्री गावात कुणालाही विचारा, कुणाची सोयरीक अडली, भावाभावांत वाटणीवरून जुंपली, सून माहेरी जाऊन बसली की माणसं माझ्याकडे येतात. "त्याले न्या, तो बोलून बोलून समोरच्याले थकवते," असं माझ्याबद्दल म्हणतात. ही स्तुती आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

बोलण्याशिवाय माझ्याजवळ आणखी एक हत्यार आहे. आम्हा पोवारांतच नव्हे, आमच्या सगळ्या मुलखात पाहुणा पाणी न पिता उठला तर घराची इज्जत गेली. म्हणून मी ओसरीवर बसतो, हालहवाल विचारतो, आणि आतून पाण्याचा गडवा आला की हात जोडतो. "पाणी नंतर, आधी शब्द द्या." बस. तिरोड्याकडच्या एका मुलीच्या बापाला नवरा मुलगा काळा वाटत होता. त्याच्या ओसरीवर मी ऊन चढेपर्यंत कोरडा बसलो. आधी आतले भांड्यांचे आवाज थांबले, मग कुजबुज सुरू झाली, शेवटी त्याची म्हातारी आई बाहेर येऊन पोरावरच खेकसली, "पाहुणा उपाशी उठला तं मी बी जेवत नाई आज." दुपारच्या आत शब्द मिळाला. त्या नवराबायकोचं आता रोज भांडण होतं, ते सोडा.

तर माझा शेजारी. रेल्वेत गँगमन होता, आता रिटायर झाला. मूळचा छत्तीसगडकडचा, धर्मानं कॅथलिक, स्वभावानं मुका. मी बोलायचं आणि त्यानं हं हं करायचं, यावर आमची मैत्री टिकून आहे. त्याला एकच मुलगा. पोरगं अर्धं आमच्याच घरी वाढलं. माझ्या ताटातले पापड उचलून पळायचं आणि मी मागून ओरडायचो. कॉलेज संपलं, आता नोकरीला लागेल म्हणून आम्ही सगळे वाट पाहत होतो, तर एक दिवस म्हणाला, मला संन्यासी व्हायचं आहे.

सालेकसाच्या पुढे जंगलाच्या कडेला त्यांच्या एका धर्मसंघाचं घर आहे. नवीन मुलांना तिथे वर्षभर ठेवतात. प्रार्थना, अभ्यास, गाईंचं शेण, भाजीपाला, सगळं करायचं आणि घरी यायचं नाही. वर्ष सरलं की पहिली व्रतं घ्यायची: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. यातलं मधलं व्रत ऐकून हा माझ्यावरच कुणीतरी काढलेला राग आहे असं मला वाटलं. त्याच्या समाजातली एक नर्स मुलगी मी त्याच्यासाठी हेरूनही ठेवली होती.

व्रतांना थोडेच दिवस उरले तेव्हा शेजारीण वहिनी आमच्या अंगणात आल्या. पोरगं तिकडे निघालं तेव्हा त्याला हो म्हणणाऱ्या त्याच होत्या, नवऱ्याची समजूत घालणाऱ्याही त्याच. आता त्यांचे डोळे सुजलेले होते. "भाऊजी, मीच हो म्हणलं होतं. पण आता घर खायाले उठते. एकदा व्रत घेतलं का तो आमचा नाई राहणार. तुमी जा यायच्यासंग अन् त्याले घेऊन या. यायच्यानं तं बोलणं होत नाई." 'हे' म्हणजे माझा शेजारी तेव्हा कुंपणाची तार सरळ करत उभा होता. ती तार आधीच सरळ होती.

"वहिनी, काम झालं समजा," मी म्हणालो. छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. आमची मंडळी आत भाजी चिरत होती, तिथूनच म्हणाली, "जाऊन राहिले तं जा, पण समोरच्याले बी एखादा शब्द बोलू देजा." नवऱ्याची कदर कशी ती या बाईला कधी कळलीच नाही.

आम्ही माझ्या जुन्या व्हॅननं निघालो. शुक्रवार होता. मोहाची फुलं गळायचे दिवस, सगळ्या रस्त्याभर तो गोड वास. मी गाडी चालवता चालवता भाषणाची तालीम केली. आई, म्हातारपण, वंश, एकुलता एक, सगळे मुद्दे क्रमानं लावले. आमगावच्या रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा तर माझे मलाच डोळे भरून आले. शेजाऱ्याला विचारलं, कसं वाटते? तो म्हणाला, "बढिया है," आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागला.

संघाच्या घराला फाटक होतं, पण उघडंच. आत मोहाच्या झाडाखाली तपकिरी झगा घातलेला, कमरेला दोर बांधलेला एक तरुण झाडत होता. मी खणखणीत "राम राम!" ठोकला. त्यानं हात जोडले, गोड हसला आणि ओठावर बोट ठेवलं. पुढे व्हरांड्यात फळा होता. त्यावर खडूनं लिहिलं होतं: आज मौन.

"हे काय गा?" मी शेजाऱ्याला विचारलं.

तो कुजबुजला, "ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस आहेत. यात शुक्रवारी हे लोक बोलत नाईत."

"अन् हे तू मले आता सांगून राहिला?"

"तू बोलू देलं काय रस्त्यानं?"

माझं अर्धं सैन्य तर तिथेच गारद झालं. पण दुसरं हत्यार शाबूत होतं. व्हरांड्यातल्या बाकावर मी मांडी ठोकून बसलो. झाडणारा तरुण दोन पेले पाणी घेऊन आला. शेजाऱ्यानं घेतलं. मी हात जोडले, मान जोरात हलवली आणि मौन असलेल्या घरात मोठ्यानं म्हणालो, "पाणी नंतर! आधी माझं मागणं ऐका." बिचारा ट्रे घेऊन आत पळाला. चला, मनात म्हटलं, लागली घराला चिंता.

थोड्या वेळानं त्यांचे गुरू बाहेर आले. नव्या मुलांना घडवणारे फादर, वयस्क, मूळचे केरळचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, प्रत्येक शब्द धुऊन वाळवल्यासारखा. पाहुण्यापुरतं मौन सोडायची त्यांना मुभा असावी. हळूच म्हणाले, "आपण पाणीसुद्धा वर्ज्य केलं आहे?"

"हो. मागणं पूर्ण होईपर्यंत."

"आपलं मागणं आमच्या त्या मुलासंबंधी आहे?"

"त्याच्याचसंबंधी."

फादरांचे डोळे पाणावले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "आज आम्हीही उपाशी आहोत. संध्याकाळी एकदाच जेवतो. परंतु आम्ही पाणी पितो. आपण हिंदू असून त्या मुलासाठी आमच्यापेक्षा कडक उपास करता आहात."

मी शेजाऱ्याकडे पाहिलं. तो खांबावरच्या पालीकडे पाहत होता.

"फादर, तसं नाही ते," मी म्हणालो. "मी त्याले घरी न्यायला आलो आहे."

"संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मौन सुटेल. तेव्हा आपण त्याच्याशीच बोला. इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगतो, दार उघडं आहे, जावंसं वाटलं तर जा. आपण नेऊ शकता. तो आला पाहिजे, इतकंच."

कमाल आहे! माणूस भांडायला तयार नसेल तर भांडायचं कोणाशी? आणि पुढचं तर ऐका. फादर फळ्याजवळ गेले, खडू घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: आपल्या पाहुण्यांनी आज निर्जळी उपास धरला आहे. त्यांचं मागणं पूर्ण व्हावं म्हणून आज सर्वांनी प्रार्थना करावी.

मी तिरोड्याच्या त्या ओसरीवर आयुष्य घातलं तरी कुणी माझ्यासाठी फळा लिहिला नसता. आतून एकेक तरुण येऊ लागला, फळा वाचू लागला आणि माझ्याकडे पाहून कमरेत वाकून नमस्कार करू लागला. कुणी बाकावर उशी आणून ठेवली. एकानं माझी चप्पल उन्हातून उचलून सावलीत ठेवली. मला वाटलं होतं दहा मिनिटांत हे लोक गडबडतील, आर्जवं करतील, चहा तरी घ्या म्हणतील. चहाचं कुणी नावच काढेना. उपाशी राहणं हे ज्या घरातलं रोजचं काम, तिथं उपासाची धमकी द्यायला गेलेला मी पहिलाच शहाणा असेन.

मग तो आला. आमचा पोरगा. तपकिरी झगा, बारीक कापलेले केस, हाताला माती. बापाकडे पाहून हसला, त्याच्या पाया पडला, माझ्या पाया पडला. बापानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. पोरानं फळा वाचला. दोनदा वाचला. मग माझ्याकडे वळून इतकं निरखून पाहिलं की मी उगाच खिशातला रुमाल शोधू लागलो. तो निमूटपणे बापाला भाजीच्या वाफ्यांकडे घेऊन गेला. दोघं वांग्यांना पाणी देत बसले.

दुपार झाली. मार्चमधलं आमच्याकडचं ऊन म्हणजे थट्टा नाही. जीभ टाळूला चिकटली. मी रोज सकाळी तीन चहा, दोन वेळा नाश्ता आणि मधेमधे मुरमुरे खाणारा माणूस. देवळात एकादशीला माझ्या नावाची साबुदाण्याची वेगळी कढई लागते, असं आमची मंडळी पाहुण्यांना सांगते. आता डोळ्यांसमोर ती कढईच दिसू लागली. उठून म्हणावं, द्या बावा पाणी, हरलो मी. पण ती मुलं येताजाता नमस्कार करत होती ना! खोटा का होईना, मानाचा मला मोह सुटला होता. तहानेनं मेलो असतो पण नमस्कार घेत मेलो असतो.

तीनच्या सुमारास सगळे चॅपलमध्ये गेले. ख्रिस्ताच्या दुःखाचे चौदा प्रसंग भिंतीवर लावले होते, प्रत्येकापुढे गुडघे टेकायचे, उठायचं, पुढे सरकायचं. प्रार्थनेपुरता आवाज निघत होता. शेजारी रांगेत गेला, मला मागे बसायला सांगितलं होतं. पण निर्जळी उपासवाला माणूस मागे बसलेला बरा दिसत नाही म्हणून मीही टेकू लागलो. माझ्या गुडघ्यांचा आवाज त्या शांततेत स्पष्ट ऐकू येत होता. सहाव्या ठिकाणी मला उठवायला दोघं लागले. त्यांनी भक्तिभावानं उठवलं.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. कुणी पाहत नाही असं पाहून मी गोठ्यामागे गेलो. तिथे गाईंच्या हौदाला नळ होता. सोडला आणि ओंजळीनं घटाघटा प्यायलो. तोंडावर, मानेवर, शर्टावर पाणी. देवा रे, काय गोड पाणी होतं! मान वर केली तर समोर आमचा पोरगा, हातात चाऱ्याची टोपली.

तो काहीच बोलू शकत नव्हता. पण त्याचे खांदे हलत होते. तोंडावर हात दाबून तो इतका हसत होता की डोळ्यांतून पाणी आलं. तितक्यात पलीकडून कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला. पोरानं टोपली खाली टाकली, माझ्यापुढे येऊन पाठ करून उभा राहिला आणि झगा दोन्ही हातांनी फाकवून धरला. त्या आडोशाला बसून मी उरलेलं पाणी प्यायलो. जाताना त्यानं माझ्या ओल्या शर्टावर हात ठेवून दोनदा थोपटलं, लहान पोराला थोपटतात तसं. मला त्याचा लय राग आला, आणि त्याला कवटाळावं असंही वाटलं.

संध्याकाळी प्रार्थना संपल्याची घंटा झाली आणि मौन सुटलं. त्याच क्षणी ती सगळी साधुमंडळी कॉलेजातल्या पोरांसारखी कलकलाट करू लागली. जेवणघरात लांब टेबलं. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, ताक. फादर आमच्याजवळ येऊन म्हणाले, "आता आपण बोला," आणि स्वतः दूरच्या टेबलावर जाऊन बसले. वाढायला आमचाच पोरगा होता.

बोलायचं होतं मला. सगळे मुद्दे तोंडपाठ होते. पण पुढ्यात गरम भात आला आणि हात आपोआप चालू झाला. म्हटलं, चार घास पोटात जाऊ दे, मग बोलू. पहिला घास घेतला तो चांगला मुठीएवढा.

पोरगं वाढता वाढता थांबलं. बापाला म्हणालं, "आईनं पाठवलं ना?"

बापानं मान हलवली.

"काकांचं मागणं काय ते मले सकाळीच समजलं होतं." त्यानं वरणाचं भांडं टेबलावर ठेवलं. "फादरनं लिहिलं म्हणून आज दिवसभर सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. मी बी केली, मनापासून. आई बोलावत असन तं मी येतो, बाबा. आताच येतो. तुमचं जेवण होतवर कपडे भरतो."

तो आव आणत नव्हता. भांड्याच्या काठावरची बोटं घट्ट झाली होती, पण एक शब्द बोलला असता बाप तर तो खरंच निघाला असता. आणि बाप बोलेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर रेल्वेचे रूळ ठोकलेला तो माणूस लहान पोरासारखा पाहत होता. तूच बोल, तूच आणलंस ना, असं ते पाहणं होतं. एक "चल" म्हणायचं होतं मला. वहिनींना दिलेला शब्द पुरा झाला असता, माझं नाव झालं असतं.

माझं तोंड भातानं भरलेलं होतं. दोन्ही गाल फुगलेले. मी चावायचा प्रयत्न केला, गिळायचा प्रयत्न केला, आणि सगळा वेळ त्या पोराच्या तोंडाकडे पाहत राहिलो. गोठ्यामागे हसत होता तो हाच, आणि आता असा उभा होता.

"नाई रे," शेवटी बापच म्हणाला. "आई म्हणे, पोट्टा बरा आहे काय ते पाहून या. आन् याले जंगल पाहायचं होतं, म्हणून आणलं. तू राह्य."

पोरगं बाकावर बापाला खेटून बसलं आणि तिघांनी एकाच भांड्यातलं वरण घेत जेवण केलं. निघताना फादरांनी मला पुन्हा विचारलं, मागणं पूर्ण झालं का? मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

परतीच्या वाटेवर आमगाव मागे पडलं. मग शेजारी म्हणाला, "तू बोलला असता तं तो आला असता."

"हाव."

"मंग काऊन नाई बोलला?"

"तोंडात घास होता."

तो हसला. खरंच हसला, पोट धरून, आणि हसता हसताच रडायला लागला. मी गाडी कडेला घेतली. खिशातला रुमाल काढून त्याच्या हातात दिला. डोळे पुसून तो म्हणाला, "आता तिले तूच सांगजो. मले जमत नाई."

गल्लीत पोरं अजून खेळत होती. वहिनी दारातच उभ्या होत्या. गाडीतून मी उतरलो, तो उतरला, आणि त्यांनी तिसऱ्यासाठी गाडीच्या दाराकडे पाहिलं नाही असं कसं म्हणू. वाटेत जुळवलेलं सगळं विसरून मी म्हणालो, "वहिनी, पोट्टा येत होता. आमीच नाई आणला. शिव्या द्यायच्या असतील तं मले द्या."

त्या एक पायरी उतरून पुढे आल्या. "येतो म्हणला?"

"हाव."

"सोताहून?"

"आई बोलावत असन तं आताच येतो म्हणला. कपडे भराले निघाला होता."

वहिनी पायरीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिल्या. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "मंग राहू द्या त्याले तिथंच. मले येवढंच आयकायचं होतं."